बाई, मी नुसती मोजत राहिले

बाई,

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. सकाळी सहाला मला आपोआप जाग येते. स्वराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते, केस बांधते, दारापर्यंत जाते, आणि कडीला हात लागल्यावर आठवतं की आता गच्चीवर जायचं नाहीये.

तेराव्याला सगळे माझ्याशी फार चांगलं बोलले. तुमच्या भोपाळच्या नणंदबाईंनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "पोटच्या मुलीसारखं केलंस तू तिचं." समोरच्या वर्मा भाभी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बहुत सेवा की तुमने मैडमजी की." मी मान खाली घालून पुऱ्या वाढत राहिले. त्यांना वाटलं, मुलगी विनयी आहे. विनय कसला, मला मान वर करता येत नव्हती. तुमचं पोट वाढतंय हे मला दिवाळीनंतरच दिसलं होतं. रोज सकाळी, दोन हातांच्या अंतरावरून. मी एकदा, फक्त एकदा बोलले, आणि तुम्ही रागावलात म्हणून गप्प बसले. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. तुमच्या यजमानांना, काकांना, सांगितल्याशिवाय त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहणं मला जमणार नाही, आणि ते दोन जिने उतरायचा धीर होत नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलते.

तुम्ही मला पहिल्यांदा बघितलंत तेव्हा मी गच्चीवर उताणी पडून मान झटकत होते. स्वरा तीन महिन्यांची होती. ऑपरेशन करून झालेलं बाळंतपण, टाके वाळले होते, पण कंबर अशी धरायची की पाळण्यातून लेकीला उचलता येत नव्हतं. हे पिथमपूरच्या कारखान्यात शिफ्टवर गेले की मी जमिनीवर गादी टाकून तिथेच तिच्याजवळ बसून राहायची, उचलायला लागू नये म्हणून. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, पोटाचे आणि कोअरचे व्यायाम करा, घरीच होतील. कोणते, ते विचारेपर्यंत पुढची पेशंट आत आली होती. मग मी मोबाईलवर शोधले. 'घरच्या घरी पोट सपाट' असं लिहिलेलं जे पहिलं दिसलं ते धरलं. रोज पन्नास वेळा डोक्यामागे हात घेऊन उठायचं. कंबर आणखी दुखायला लागली, तर मी साठ करायला लागले.

तुम्ही टाकीत नळाचं, नर्मदेचं पाणी चढलं का ते बघायला वर आला होतात.

"हे काय करून राहिलीस?"

"व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलाय."

"डॉक्टरने हे सांगितलं? असं मुर्गीसारखं मान झटकायला?"

"नाही... मोबाईलवर बघितलं."

"मोबाईलला पोट असतं का गं?"

मग तुम्ही तिथेच खाली बसलात. मला डोकं थोडं उचलायला लावलंत आणि बेंबीच्या वर बोटं टेकवलीत. तीन बोटं आत गेली. "हे बघ, मधोमध लाटण्यासारखं उभं राहतंय. दिसलं? तू जोडत नाहीयेस, अजून फाडून राहिलीस. आजपासून हे बंद. एकदम बंद."

माझ्या तोंडातून निघालं, "चुकलं, बाई."

तुम्ही हसलात. "इथे हिंदीत बाई म्हणजे झाडू-पोछावाली हं."

मी घाबरून सांगितलं की आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणतात. तेव्हा मला माहीतही नव्हतं की तुम्ही तीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवलंत. तुम्ही म्हणालात, "मग म्हण. मैडमजी, मैडमजी ऐकून कान पकले माझे."

बाई, तो शब्द माझ्यासाठी काय आहे ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावात माझे वडील सायकलींची पंक्चरं काढायचे. आई सही करते ती अजून अक्षर अक्षर चितारून. आमच्या घरातून बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि तिथपर्यंत मला एकेका इयत्तेतून हाताला धरून नेलं ते बाईंनी आणि सरांनी. आई मला एकच गोष्ट बजावायची, जो शिकवतो त्याच्या तोंडाला लागायचं नाही. मी कधी लागले नाही. त्याचा मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सहाला तुम्ही चटई घेऊन वर उभ्या होतात. पहिले आठ दिवस तुम्ही मला काहीच करू दिलं नाहीत. गुडघे वाकवून उताणं पडायचं, सावकाश श्वास सोडायचा, आणि श्वास जाता जाता बेंबीखालचं पोट आत, पाठीच्या कण्याकडे न्यायचं. "पोट आत ओढायचं नाही गं, ते सांस सोडल्यावर स्वतः जातं. तू फक्त त्याला थांबव तिथे." मला वाटलं, हा काय व्यायाम? चौथ्या दिवशी पोटात अशा ठिकाणी दुखलं की तिथे स्नायू असतो हेच मला माहीत नव्हतं. मग टाच चटईवरून पुढे सरकवून परत आणणं. मग तुमचं ते 'झुरळ': उताणं पडून हातपाय वर, आणि उजवा हात-डावा पाय, डावा हात-उजवा पाय आळीपाळीने खाली. कमरेखाली तुम्ही घडी केलेला रुमाल ठेवायचात आणि मधेच त्याचं टोक ओढायचात. रुमाल निघाला म्हणजे कंबर उचलली गेली, तो फेरा रद्द. रांगत्या बाळासारखं होऊन एक हात आणि उलटा पाय लांब करायचा तेव्हा पाठीवर पाण्याची वाटी. पहिल्या दिवशी मी भिजले. आणि जमिनीवर आडवं होऊन कोपरांवर तोलायचं नाव काढलं तर म्हणालात, "आधी ओट्याला टेकून कर. मग पलंगाच्या कडेला. जमीन कुठे पळून नाही चालली."

तुमचा एक नियम मात्र मी आणखी कुठे ऐकला नव्हता. जो व्यायाम करतो त्याने मोजायचं नाही, समोरच्याने मोजायचं. करणाऱ्याने बोलत राहायचं. "बोलता येतंय म्हणजे सांस चालू आहे. बोलणं बंद झालं की समज, दम रोखला. मग मोजणाऱ्याने तिथेच थांबवायचं." वर्मा भाभी आठवड्यातून दोनदा यायच्या, त्यांना तर हे वरदानच होतं. पाय हवेत आणि सासूच्या तक्रारी चालू. एकदा त्या मधेच पडल्या आणि म्हणाल्या, "आज छोड़ दो मैडमजी, घुटने मना कर रहे हैं." तुम्ही म्हणालात, "घुटनों से मैंने पूछा ही नहीं. तू अपनी सास वाली बात पूरी कर, आठ बाकी हैं."

मी काय काय बोलले असेन त्या चटईवर! माझं गाव, हॉस्टेल, लग्न, कॉलेजच्या लॅबमधली नोकरी सुटेल ही भीती. कचरागाडीचं गाणं गल्लीत वाजेपर्यंत आपलं चालायचं. मग तुम्ही खाली पळायचात, ओला-सुका डबा घेऊन.

तीन महिन्यांनी एका सकाळी तुम्ही स्वराला जमिनीवर ठेवलंत आणि मला म्हणालात, "आता उचल." मी नको नको म्हणत होते. "गुडघे वाकव. सांस सोड. पोट धर. आता लेक." मी उचललं. कमरेत काही झालं नाही. मी तिला घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि रडले, आणि तुम्ही म्हणालात, "रडताना पोट सोडू नको." पुढच्याच महिन्यात मी राऊच्या कॉलेजात पुन्हा रुजू झाले. दिवसभर उभं राहून मुलांना प्रयोग मांडून देते ते तुमच्यामुळे. हे मी शंभर वेळा म्हटलंय. शंभर वेळा म्हटलं, आणि जे एकदाच ठणकावून म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही.

माझं पोट जुळून आल्यावर तुम्ही म्हणालात, आता मी पण करते तुझ्याबरोबर, निवृत्त झाल्यापासून अंग सुटलंय. तेव्हापासून तुम्ही करायचात आणि मी मोजायची. दिवाळीनंतर तुमचा फिकट निळा कुर्ता पोटावर ताणून बसायला लागला. हात तसेच बारीक, चेहरा उलट उतरलेला, आणि पोट पुढे. तुम्ही म्हणालात, "दिवाळीचा चिवडा बघ कुठे जाऊन बसलाय," आणि आपण दोघी हसलो. फेऱ्या वाढवल्यात. दहाच्या पंधरा, पंधराच्या वीस. मग एक दिवस तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या मोबाईलवर बघ ना काही, पोट लवकर कमी करायचं."

तुम्ही! मोबाईलला पोट असतं का विचारणाऱ्या तुम्ही. मला तिथेच कळायला हवं होतं की तुम्ही घाबरलायत. मी काय केलं? मला आनंद झाला. बाईंना माझी गरज लागली म्हणून. चार व्हिडिओ बघितले, त्यातलं जे मणक्याला सोसेल असं वाटलं ते निवडलं, कागदावर लिहून दिलं, सोमवार ते शनिवार. माझ्या सुवाच्य अक्षरात. वर तुमचं नाव घातलं.

आणि तुमचा नियम होता ना, करणाऱ्याने बोलत राहायचं. तुम्ही बोलत होतात, बाई. सगळं सांगत होतात. एका कुशीवर कोपर टेकून, कंबर उचलून: "आजकल अर्धी पोळी खाल्ली की पोट भरून जातं गं." मी म्हटलं, सात. "बाथरूमला सारखं जावं लागतं, उमर झाली." मी म्हटलं, नऊ. "पाठ पण दुखते, खाली, इथे." अकरा, बारा, बदला बाजू. विज्ञानाची पदवी घेतलेली मी समोर मांडी घालून बसले होते आणि तुम्ही स्वतःचा आजार मला तोंडाने सांगत होतात, आणि मी आकडे म्हणत होते.

मी बोलले ते संक्रांतीच्या आसपास. तुम्ही उताण्या पडला होतात आणि कुर्ता वर सरकला. पोट कडेला पसरलेलं नव्हतं, फुगून आलेलं होतं, गच्च. स्वराच्या वेळी सातव्या महिन्यात माझं होतं तसं. मी म्हटलं, "बाई, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

"कशाला?"

"हे चरबीसारखं दिसत नाही."

तुम्ही उठून बसलात. "तू मला शिकवून राहिलीस? तीस वर्षं पोरींची पोटं बघितली मी. तुझं कोणी जोडलं? डॉक्टरने?"

"नाही बाई. तुम्ही."

"मग?"

"चुकलं बाई."

इतकंच झालं. दोन दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, आणि ते दोन दिवस मला तुमच्या पोटाची काळजी नव्हती, तुम्ही रागावलात याची होती. तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन खाली आले. तुम्ही हसलात, मला जवळ बसवलंत. मला वाटलं, सुटले. एरवी तुम्ही दोन भाकरी खायचात. त्या दिवशी चतकोर खाल्लीत आणि ताट सरकवलंत. "मस्त झालंय हं," म्हणालात. मी उरलेलं झाकून ठेवलं.

मग तुमचं बोलणं कमी होत गेलं. आधी वाक्यं तुटली. मग नुसतं हूं हूं. मग काहीच नाही, फक्त धाप. बोलणं बंद झालं की मोजणाऱ्याने थांबवायचं. तुमचाच नियम, बाई. थांबवायचं काम माझं होतं. मी थांबवलं नाही. मी हळू मोजायला लागले, तुम्हाला मधे दम घेता यावा म्हणून. याला मी तेव्हा माया समजत होते.

रंगपंचमीनंतर तुम्ही गच्चीच्या जिन्यात बसलात आणि उठला नाहीत. हॉस्पिटलात पोटातून पाणी काढलं, तो डबा मी बघितला. अंडाशयाचा कॅन्सर, वरपर्यंत पसरलेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवसांपासून पोट वाढलंय?" काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. तुम्हीच म्हणालात, "महिना झाला असेल." चार महिने झाले होते. मी तेही दुरुस्त केलं नाही. तिथेही मी शहाण्या मुलीसारखी उभी होते.

किमोची एकच फेरी होऊ दिलीत तुम्ही. त्यानंतरचे दिवस मी लिहिणार नाही. तुमची पाठ पुसताना कण्याचा एकेक मणका हाताला लागायचा; दिवसभर तुम्हाला उचलूनही माझ्या कमरेत कळ यायची नाही. तुम्हाला कुशीवर वळवायची, उशीवर वर सरकवायची, खुर्चीत बसवायची, सगळं मी एकटी करू शकत होते. नर्स म्हणायच्या, तुम्हाला छान जमतं. जमणारच. शिकवलं कोणी होतं?

मला तुमचा राग पण येतो, बाई. खरंच येतो. दम अडला की थांबा, हे जगाला सांगणारी बाई स्वतः का थांबली नाही? मला एवढं घाबरवायची काय गरज होती? आणि लगेच वाटतं, तुम्ही कुठे घाबरवलंत. दोन दिवस फुगून बसलात. दोन दिवसांचा रुसवा मला सोसला नाही, एवढंच. मी परत म्हटलं असतं, तिसऱ्यांदा म्हटलं असतं, तर तुम्ही कदाचित घर खाली करा म्हणाला असतात. केलं असतं खाली. दुसरीकडे राहिले असते आणि तुम्ही असतात.

इथपर्यंत काल दुपारी लिहिलं होतं. मग कागद तसाच ठेवून मी खाली गेले.

काका हॉलमध्ये पोह्यांची बशी समोर घेऊन बसले होते, खात नव्हते. स्वरा माझ्या कडेवर होती, तिला त्यांनी शेव दिली. मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "काका, मला दिवाळीनंतरच दिसलं होतं. पोट. मी एकदाच बोलले, बाई रागावल्या, मग मी परत बोलले नाही. रोज बघत होते तरी नाही बोलले."

काकांनी बशी बाजूला सरकवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बैठ," म्हणाले. "बस गं मनीषा. दिसत तर मला पण होतं. तिच्या सलवारीत नाडी छोटी पडत होती. मीच लंबी नाडी घालून दिली. दोनदा." मग चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं होतं तिला, चल, दाखवून येऊ. तर म्हणाली, अहो, मनीषा रोज सकाळी समोर बसते माझ्या. सायन्स शिकलेली मुलगी आहे, पोटाचं स्वतः भोगलंय तिने. कुछ होता तो वो बोलती ना. एकदा तिला वाटलं होतं, पण मग परत नाही बोलली, म्हणजे काही नसेल." काकांनी चष्मा लावला. "मग मी पण गप्प बसलो. तू एकटी नाही बेटा."

ते मला धीर देत होते, बाई. मी अपराधी वाटून घेऊ नये म्हणून सांगत होते. स्वरा शेव मागत होती. मी तिला घट्ट धरून उभी होते.

तर तुम्ही ऐकलं होतंत माझं. त्या दिवशी रागावलात, पण ऐकलं होतंत. आणि त्यानंतर रोज सकाळी, अर्धी पोळी, बाथरूम, पाठ, एकेक सांगून, मी पुन्हा म्हणते का त्याची वाट बघत होतात.

म्हणून आता म्हणते. रागवा, बोलू नका माझ्याशी, घर खाली करायला सांगा. हे पोट चरबीचं नाही, बाई. व्यायामाने जायचं नाही. मला कळतंय, मी शिकलेली आहे. उठा. चप्पल घाला. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा आणते, तोवर काका तुमचे कागद काढतील. आज कॉलेजला नाही जात मी. चला. तुम्ही नाही म्हणालात तरी मी ऐकणार नाही, मी उचलून नेईन तुम्हाला.